इंजिनिअरिंगच्या विषयात समाजशास्त्र कसं आणायचं: सोलापुरातल्या शिक्षकांसाठी एका सेमिस्टरचं नियोजन, पायरी-पायरीनं

सेमिस्टर सुरू व्हायच्या तोंडावर ओळखीतल्या दोन-चार शिक्षकांचा फोन येतोच, सर आमच्याकडं ह्युमॅनिटीजचा विषय आलाय, काय करू म्हणून. आणि पुढं काय होतं तेही आता पाठ झालंय. ज्याचा वर्कलोड कमी पडतोय त्याच्या गळ्यात विषय मारतात, टाइमटेबलमध्ये शनिवारचा शेवटचा तास, पाच युनिटच्या नोट्स, एक दिवस झाडं लावायची, बॅनर धरून फोटो काढायचा आणि फाइल एनबीएच्या (म्हणजे इंजिनिअरिंगच्या कोर्सला दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) तपासणीसाठी कपाटात. पोरं पास होतात. पण तोच पोरगा त्याच आठवड्यात पाणीपुरवठ्याचं गणित सोडवताना माणशी रोज १३५ लिटर धरतो, आणि आपल्या स्वतःच्या घरी चार-पाच दिवसाआड नळ येतो, आई रात्री उठून पाणी भरते, हे त्याच्या डोक्यातसुद्धा येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पोराला माहितीयत, त्या एकमेकींना भेटतच नाहीत.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझी कसोटी एकच आहे आणि खालची प्रत्येक पायरी तिच्यासाठीच आहे: सेमिस्टर संपल्यावर पोरांच्या ड्रॉइंगमधला किंवा कॅल्क्युलेशनमधला एक तरी आकडा माणसांचं ऐकून बदलला का? बदलला असेल तर विषय पोचला. नसेल तर फोटो कितीही छान असू देत.

## आधीची तयारी: किमान सहा आठवडे अगोदर

सगळ्यात आधी आपला अभ्यासक्रम उघडून क्रेडिट मोजा. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेच्या) २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात एकूण १६० पैकी १२ क्रेडिट ह्युमॅनिटीज, सोशल सायन्स आणि मॅनेजमेंट मिळून आहेत. नवीन शैक्षणिक धोरण आल्यावर आपल्याकडं त्यात मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट असे वेगवेगळे कप्पे झालेत. तुमच्या कॉलेजात यातलं काय कुठल्या सेमिस्टरला आहे ते कागदावर लिहून काढा, तोंडी माहितीवर जाऊ नका. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास, प्रॅक्टिकल किंवा फील्डचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. जिथं प्रोजेक्टला २ क्रेडिट आहेत तिथं तुमच्याकडं ६० तास आहेत, आणि ६० तास खूप असतात, ते शेवटच्या पंधरवड्यात कोंबले तरच कमी पडतात.

कॉलेज ऑटोनॉमस असेल तर थोडा मोकळेपणा आहे. विद्यापीठाशी संलग्न असेल तर सिलॅबसला हात लावता येत नाही, पण आयसीएचे, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क तुमच्या हातात असतात आणि एवढ्यावरही पुष्कळ जमतं. बऱ्याच जणांना वाटतं परवानगी नाही म्हणून काही करता येत नाही, तर तसं नाहीये, टर्मवर्कमध्ये काय घ्यायचं हे बहुतेक ठिकाणी शिक्षकच ठरवतो.

तपासा: क्रेडिट, तास, आयसीएचे मार्क आणि विषय शिकवणाऱ्याचं नाव, या चार गोष्टी एका पानावर लिहिल्यात का? नसतील तर पुढं जाऊ नका.

## पायरी १: थीम निवडू नका, निर्णय निवडा

इथंच निम्मे लोक चुकतात. "पाणी आणि समाज", "तंत्रज्ञान आणि स्त्री" असल्या थीम घेतल्या की पोरं नेटवरून वीस पानं आणतात आणि विषय तिथंच संपतो. त्याऐवजी तुमच्या टेक्निकल विषयात पोरं जो निर्णय घेतात, तो उचला. घरावरची पाण्याची टाकी किती लिटरची ठेवायची, मागाच्या पट्ट्यावर गार्ड कसा बसवायचा म्हणजे कामगार तो काढून ठेवणार नाही, ॲपमधली पहिली स्क्रीन कुठल्या भाषेत असावी. निर्णय असा हवा की ज्यात शेवटी एक आकडा, एक माप किंवा एक रेघ ठरवावी लागते.

सिव्हिलवाल्यांना पाणी, मेकॅनिकल-टेक्स्टाइलवाल्यांना यंत्रमाग, कॉम्प्युटरवाल्यांना भाषा, असं सोलापुरात सहज जमतं. एका सेमिस्टरला एकच निर्णय घ्या. मी पहिल्या वर्षी चार घेतले होते आणि एकही धड झाला नाही.

## पायरी २: जोडीदार शिक्षक शोधा, पाहुणा नको

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास किंवा समाजकार्य शिकवणारा एक शिक्षक अख्ख्या सेमिस्टरला बरोबर हवा. शहरात आर्ट्सची कॉलेजं आहेत, केगावला विद्यापीठाच्या कॅम्पसवर सामाजिक शास्त्रांचं संकुल आहे, माणूस मिळतो. पण त्यांना "एक गेस्ट लेक्चर द्या" म्हणून बोलावलं की ते शाल-श्रीफळ घेऊन एक तास बोलतात आणि जातात, त्यात त्यांचाही दोष नाही, आपण तेवढंच मागितलेलं असतं.

पहिल्या भेटीत त्यांच्यापुढं टेक्निकल प्रश्न ठेवा आणि विचारा, मॅडम, यात आम्ही काय धरून चाललोय जे तुम्हाला चुकीचं वाटतंय? आमच्या टाकीच्या प्रश्नावर एका समाजशास्त्राच्या मॅडमनी दोन मिनिटांत विचारलं होतं, "पाणी कोण भरतं, आणि किती वाजता?" पंधरा वर्षं पाणीपुरवठा शिकवत होतो, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. आमचं सेमिस्टर त्या प्रश्नावर उभं राहिलं.

मानधनाचं आधीच बोलून घ्या, लेखी घ्या. तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतील तर त्यांचा वेळ फुकट मागू नका. प्राचार्यांकडून पत्र, किती तास, किती रुपये, मार्कांत त्यांची सही असेल की नाही, सगळं.

सावधान: मार्क फक्त इंजिनिअरिंगवाला देणार असेल तर पोरं दुसऱ्या शिक्षकाला पाहुणाच समजतात. दोघांच्या सह्या हव्यातच.

## पायरी ३: जागा, तारखा, परवानगी

एकच वस्ती किंवा एकच कारखाना घ्या आणि तिथंच पुन्हा पुन्हा जा. पूर्व भागातली एखादी गल्ली, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा कारखाना, कुंभारीकडची घरकुलं. पाच ठिकाणी एकेकदा जाण्यात काही मिळत नाही, कारण पहिल्या भेटीत लोक आपल्याला बरं वाटेल तेवढंच सांगतात.

तारखा ठरवताना आपलं शहर डोळ्यापुढं ठेवा. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, त्या दिवसांत कुणाला वेळ नसतो. आषाढीला निम्म्या घरातली माणसं पंढरपूरच्या वाटेवर. मार्चच्या शेवटापासून दुपारी पत्र्याच्या घरात बसून मुलाखत घेणं हा त्या बाईलाही त्रास आणि पोरांनाही. सम सेमिस्टरला फेब्रुवारी उत्तम. विडी कामगार बायकांकडं जाणार असाल तर विड्या जमा करायला जायची वेळ सोडून जा. यंत्रमागावर जाणार असाल तर बोलणं बाहेर चहाच्या टपरीवर ठेवा, आत माग चालू असताना एकमेकांच्या कानात ओरडावं लागतं. कारखान्यात आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे, पोरांना साउंड मीटर घेऊन आत उभं करा आणि बाहेर आल्यावर विचारा की दिवसभर इथं काम करणारा माणूस घरी गेल्यावर बायकोशी कसा बोलत असेल. मोबाइलच्या ॲपवरचा आकडा अंदाजे असतो, रिपोर्टमध्ये तो लिहायचा तर तसं नमूद करून लिहा.

परवानगी दोघांकडून, मालकाकडून आणि ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याकडूनही. मालकानं हो म्हटलं म्हणजे कामगारानं हो म्हटलं असं होत नाही.

सावधान: आपल्याकडं कागद-पेन घेऊन कुणी दारात आलं की लोकांना वाटतं योजनेचा सर्व्हे आलाय. पहिल्या वाक्यात सांगायचं, आम्ही कॉलेजचे आहोत, यातून कुठलीही योजना मिळणार नाही. आधार नंबर, रेशन कार्ड काहीही मागायचं नाही. फोटो विचारून, लहान मुलांचे नाहीच.

## पायरी ४: जाण्याआधी दोन आठवडे वर्गात

प्रश्नावली अजून नको. गूगल फॉर्म तर अजिबात नको. आधी ऐकायला शिकवा.

पहिल्या आठवड्यात एक शहरातलंच प्रकरण घ्या. आम्ही चिमणीचं घेतो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची को-जनरेशनची (उसाच्या चिपाडावर वीज करायच्या प्रकल्पाची) चिमणी होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा ठरते म्हणून जून २०२३ मध्ये पाडली गेली, हे इथल्या प्रत्येक पोराला माहितीय, घराघरात त्यावर वाद झालेत. वर्गाचे गट करा: सभासद शेतकरी, विमानसेवा हवी असलेले व्यापारी, कारखान्यातले कामगार, उड्डाणाची सुरक्षा बघणारे इंजिनिअर. प्रत्येकानं आपल्या घरच्या मताच्या उलट बाजू घ्यायची. कोण बरोबर हे ठरवायचंच नाही. चिमणीची उंची हा नुसता इंजिनिअरिंगचा आकडा होता का आणि तो कुणाकुणाच्या पोटापाण्याला लागला, एवढंच फळ्यावर लिहीत जायचं. दोन तासांत पोरांना जे कळतं ते पाच युनिटच्या नोट्सनी कळत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुलाखतीचा सराव. जोड्या करून एकमेकांच्या आईच्या दिवसाबद्दल विचारायचं, सकाळी उठल्यापासून. नियम तीन, "हो-नाही" उत्तराचा प्रश्न नको, उत्तर आल्यावर पाच सेकंद गप्प बसायचं, आणि आपलं मत सांगायचं नाही. पाच सेकंद गप्प बसणं इंजिनिअरिंगच्या पोरांना सगळ्यात जड जातं, ती लगेच उपाय सांगायला लागतात.

याबद्दल एक प्रसंग सांगतो. मेकॅनिकलच्या एका ग्रुपनं विडीचं पान कापायचं मोटरवरचं मशीन केलं होतं. मशीन खरंच सुबक होतं, मिनिटाला किती पानं कापतं त्याचा ग्राफसुद्धा काढला होता. ते घेऊन आम्ही विड्या वळणाऱ्या एका अक्कांच्या घरकुलात गेलो. अक्कांनी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं काढली, एक पान हातात घेतलं, उजेडाकडं धरून फिरवलं, जाड शीर आणि भोक चुकवलं, पत्र्याचं माप त्यावर ठेवलं आणि कात्रीनं कापलं. मोठं पान असलं की त्यातनं दोन काढली. मग आमच्या मशीनमध्ये तसलंच पान घातलं, मशीननं मधोमध कापलं, भोकासकट. अक्का काही वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान केलंय बाळ, पण पान वजनावर देतात. कमी पडलं तर माझ्या पैशानं आणावं लागतंय."

पोरांनी धरलं होतं की कमी पडतो तो वेळ. कमी पडत होतं पान. मिनिटाला किती पानं हा आकडाच चुकीचा, किलोला किती कापं निघतात हा आकडा मोजायला हवा होता. सहा महिन्यांचं काम होतं, आणि मशीन बनवायच्या आधी एक दुपार तिथं बसलो असतो तर ते वाचलं असतं. तेव्हापासून माझा नियम आहे, पहिल्या भेटीला पोरांनी रिकाम्या हातानं जायचं, मॉडेल नाही, पीपीटी नाही, आयडियासुद्धा बोलून दाखवायची नाही.

भाषेचं बघा: पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कुठं दखनी. प्रत्येक ग्रुपमध्ये तिथली भाषा येणारं एक तरी पोर हवं. पण त्याला दुभाषा करून कोपऱ्यात बसवू नका, मुलाखत त्यानंच घ्यायची, बाकीच्यांनी लिहून घ्यायचं. वर्गात कधी न बोलणारी एखादी मुलगी तिथं अक्कांशी अस्खलित तेलुगूत बोलायला लागते आणि अख्खा ग्रुप तिच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागतो, हे मी दर वर्षी बघतोय.

## पायरी ५: तीन भेटी, त्याच क्रमानं

पहिली भेट फक्त बघायची आणि ऐकायची. दुसरी भेट मोजायची, टेप, वजनकाटा, घड्याळ, जे लागेल ते. तिसरी भेट आपलं कच्चं डिझाइन दाखवून "यात काय चुकलंय" विचारायची. मध्ये किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी मोजमाप आणि मग बोलणं, की पोरं चुकीचीच गोष्ट अगदी बरोबर मोजून आणतात.

प्रत्येक भेटीच्या नोट्स त्याच दिवशी, हातानं, वहीत, मराठीत किंवा ज्या भाषेत ऐकलं त्या भाषेत. हे मी हट्टानं सांगतो. रिपोर्ट एआयकडून लिहून आणता येतो, अक्कांनी पान उजेडाकडं कसं धरलं हे तिथं बसलेल्यालाच माहिती असतं.

तपासा: वहीत माणसाचे स्वतःचे शब्द आहेत का, की "महिलांना अनेक समस्यांना सामोरे जावे लागते" असली वाक्यं आहेत? दुसरं असेल तर पुन्हा पाठवा.

## पायरी ६: ऐकलेलं आकड्यात उतरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि बहुतेक ठिकाणी ती गाळलेली असते. लोक फील्डला जातात, हळहळतात, आणि परत येऊन डिझाइन पुस्तकातलंच करतात.

वहीचं आडवं पान घ्या आणि चार कॉलम पाडा: काय ऐकलं किंवा पाहिलं, पुस्तकात काय धरलंय, खरं किती निघालं, डिझाइनमध्ये काय बदललं. टाकीचंच उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

पुस्तकात माणशी रोज १३५ लिटर. पाच माणसांचं घर, पाणी पाचव्या दिवशी, म्हणजे १३५ गुणिले ५ गुणिले ५, एकूण ३३७५ लिटर साठवण हवी. दुसऱ्या भेटीत पोरांनी घरातले बॅरल मोजले, २०० लिटरचे पाच, म्हणजे १००० लिटर. भागिले २५, माणशी रोज ४० लिटर. पुस्तकातल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आता पोरांना प्रश्न पडतो की कमी पडतंय ते नेमकं कुठून वाचवतात, आणि उत्तर बायकांकडूनच मिळतं, कपडे कुणाचे कधी धुतात, आंघोळ कोण सोडतं.

लगेच कुणीतरी म्हणतो, मग गच्चीवर मोठी टाकी द्या. द्या की, पण १००० लिटर म्हणजे एक टन, ३३७५ लिटर म्हणजे सव्वातीन टनांहून जास्त आणि टाकीचं वजन वेगळं, ते त्या स्लॅबवर चालणार आहे का ते स्ट्रक्चरच्या सरांना विचारा. वर चढवायला मोटर लागते, मोटर थेट लाइनला लावली की शेजारच्या घरात पाणी येत नाही आणि गल्लीत भांडण. खाली बॅरल ठेवले तर डासांचा प्रश्न, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्यानं तळाचं पाणी कुणी फेकत नाही, आरोग्य खात्याचा कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवायचा दिवस, मग पाळायचा कसा. आमच्या ग्रुपनं शेवटी जमिनीलगत चौथऱ्यावरची, अरुंद बोळात बसणारी, तळाशी तोटी आणि वर जाळीचं झाकण असलेली टाकी काढली. तोटीची उंची घागर बसेल एवढी, आणि ती उंची वस्तीतली घागर मोजून ठरवली.

याच तासाला आम्ही उजनीचं घेतो. धरणाची क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६३ मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी; पातळी त्याच्या खाली गेली की मायनस. "उजनी मायनसमध्ये" ही बातमी पोरं लहानपणापासून ऐकतात, मायनस म्हणजे काय हे निम्म्यांना माहीत नसतं. मृत म्हणायचं कुणाच्या दृष्टीनं, आणि त्यातलं पाणी आधी कुणाला द्यायचं, उसाला की नळाला, हे ठरवतं कोण? जोडीदार शिक्षकाचा हा तास असू द्या, तुम्ही मागं बसून ऐका.

तपासा: चौथ्या कॉलममध्ये एक तरी माप आहे का? "जागरूकता निर्माण करणे" हे माप नाही.

## पायरी ७: मार्क आणि मॅपिंग

आयसीए २५ मार्कांचा असेल तर मी असे वाटतो: फील्डची वही ८, चार कॉलमचा तक्ता १०, तोंडी परीक्षा ७. बाइंडिंग केलेल्या रिपोर्टला शून्य. तोंडी दोन्ही शिक्षकांनी मिळून घ्यायची आणि प्रत्येकाला एकच मुख्य प्रश्न विचारायचा, कुठला आकडा बदलला आणि कुणाच्या सांगण्यावरून. ग्रुपमधल्या प्रत्येकाला वेगवेगळं बोलवा, जो गेलाच नव्हता तो लगेच कळतो.

एनबीएच्या मॅपिंगमध्ये दोन चुका सारख्या दिसतात. एक, जुन्या फाइलमधलं कॉपी करणं. पीओ (प्रोग्रॅम आउटकम, म्हणजे पदवी घेताना पोराला काय काय यायला हवं त्याची यादी) आधी १२ होते, नव्या यादीत ११ आहेत आणि क्रमांक सरकलेत, त्यामुळं जुना आकडा चुकीच्या खान्यात जातो. दुसरी, सगळ्याच पीओंना ३, म्हणजे विषयाशी सगळ्यात जास्त संबंध, देऊन टाकणं. दोन किंवा तीनच पीओ घ्या आणि पुरावा म्हणून वहीची पानं लावा, तपासायला येणाऱ्यांना ती पानं फोटोंपेक्षा जास्त पटतात, असा माझा अनुभव आहे.

## पायरी ८: परत जा

सेमिस्टर संपायच्या आधी, परीक्षेच्या गडबडीत विसरायच्या आत, तीच पोरं त्याच घरात परत गेली पाहिजेत. एका पानावर मोठ्या अक्षरात काय शिकलो आणि काय केलं ते, मराठीत, गरज असेल तर तेलुगू-कन्नडमध्येही. काम अर्धवट राहिलं असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. ज्यांनी दोन-दोन तास दिले त्यांना तो तास कुठं गेला हे कळायला हवं, आणि न कळवता गायब झालेल्या कॉलेजला पुढच्या वर्षी ती गल्ली दार उघडत नाही, हे मी एकदा अनुभवलंय.

वह्या शिक्षकाच्या कपाटात ठेवू नका, डिपार्टमेंटमध्ये जमा करा, घरच्यांची नावं-नंबर असलेलं पान फाडून वेगळं ठेवून. पुढच्या बॅचनं पहिल्या आठवड्यात त्या वाचायच्या आणि त्याच वस्तीत, मागच्या वेळी जिथं काम थांबलं तिथून सुरू करायचं.